हाडे टिकतात, कंद कुजतात

"उत्खननात प्राण्यांची हाडेच सापडतात, म्हणजे आदिमानव मुख्यतः शिकारीवर जगला," हे मत मला पटत नाही. हाडे लाखो वर्षे टिकतात, कंद आणि पाने मात्र कुजून जातात, त्यामुळे पुरावाच मुळात एका बाजूला झुकलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर केव्ह या गुहेत सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वीचे, जळून कोळसा झालेले कंद सापडले, आणि ते जळाले म्हणूनच उरले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. साताऱ्याकडील आमच्या पाटणच्या डोंगरात आजही करांदे उकडून खातात. त्यांच्या साली मातीत किती दिवस राहणार? शिकारीचे महत्त्व मी नाकारत नाही, कारण दगडी हत्यारांनी कापल्याच्या खुणा असलेली हाडे २० लाख वर्षांहून जुनी आहेत, पण शिकार काही रोज साधत नसणार.