आरएक्स ५८० ला व्होल्टेज मॉड करू का? क्लॉक ११५० च्या पुढे हलतच नाही

सिडकोचा_गेमर
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात सेकंडहँड आरएक्स ५८० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड घेतलं, सोबत रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक आहे, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ४५० वॉटचा लोकल. जीटीए ५ मध्ये व्हिडिओत लोकांना जेवढे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात तेवढे मला मिळतच नाहीत. आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा स्पीड, ११५० मेगाहर्ट्झवर अडकलेला, व्होल्टेज पण ९०० मिलिव्होल्टच्या आसपास, आणि टेम्परेचर ७० च्या पुढे जात नाही. म्हणजे कार्डला व्होल्टेजच कमी मिळतंय ना? माझा मावसभाऊ अंबड एमआयडीसीत ड्राइव्ह रिपेअरिंग करतो, त्याचा सोल्डरिंगचा हात एकदम साफ आहे, तो म्हणतो सर्किट दाखव, व्हेरिएबल रेझिस्टर टाकून व्होल्टेज वाढवून देतो. १४५० पर्यंत न्यायचा विचार आहे. कोणी केलंय का? कुठे टाका मारायचा ते सांगा. (कार्डाला पॉवर देणारी ८ पिनची वायर एसएमपीएसला नव्हती, मोलेक्सवाला, म्हणजे जुन्या ४ पिनच्या प्लगवरचा, कन्व्हर्टर लावलाय, चालतंय.)

जुनी_सोल्डरगन
थांब भो, आधी सोल्डरिंगची इस्तरी खाली ठेव.

हार्ड व्होल्टमॉड म्हणजे नक्की काय ते सांगतो मग ठरव. कार्डावरचा व्हीआरएम (चिपला व्होल्टेज देणारं सर्किट) कंट्रोलर एका फीडबॅक पिनवर चिपचं व्होल्टेज बघत असतो. तिथून ग्राउंडला रेझिस्टर लावला की त्याला व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी दिसतं आणि बिचारा वाढवत बसतो. म्हणजे आपण त्याला फसवतो, बाकी काही नाही. हे मी एका जुन्या कार्डावर केलंय, दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी पॉट (तोच व्हेरिएबल रेझिस्टर) थोडं जास्त फिरलं आणि स्क्रीन काळी ती काळीच. चूक माझीच, मल्टीमीटर न लावता फिरवलं होतं. पण तुझ्या कार्डाला हे लागतच नाही, ५८० ला ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमधूनच व्होल्टेज बदलता येतं! टाका कशाला मारतोस.

आणि १४५० चा हिशोब बघ. उष्णता क्लॉकच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समज १३४० ला ११५० मिलिव्होल्ट लागतात आणि १४५० ला १२५०, तर क्लॉक ८ टक्के वाढला आणि चिपची उष्णता साधारण २८ टक्के. रेफरन्स (कंपनीच्या मूळ डिझाइनचं) ५८० चं कार्ड १८५ वॉटचं, आणि त्याला ८ पिनमधून १५० वॉट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५, एकूण २२५ मिळू शकतात. म्हणजे तू थेट काठावर जाऊन बसणार, ते पण मोलेक्सच्या कन्व्हर्टरवर. तो कन्व्हर्टर आजच काढ, गंमत नाही सांगत, प्लग पिवळा पडलाय का बघ.

पंचवटी_पीसी
दादा, व्होल्टेज कमी "मिळत" नाहीये, कोणीतरी मुद्दाम कमी करून ठेवलंय. ११५० क्लॉक आणि ९०० मिलिव्होल्ट हे आकडे बघून माझ्या डोक्यात एकच आलं, मायनिंगचं (क्रिप्टो नाणी कमवायला रात्रंदिवस चालवलेलं) कार्ड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा ही कार्डं पोत्याने बाजारात आली. मायनिंगवाल्यांना एफपीएसशी काय घेणं, त्यांना मेमरी पाहिजे आणि लाइट बिल कमी पाहिजे, म्हणून बायॉस (कार्डातलं मूळ सेटिंग) बदलून कोअर खाली आणि मेमरीचे टायमिंग घट्ट करून ठेवतात. मूळ रेफरन्स बूस्ट १३४० चा आहे.

जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड आणि शेडर (चिपमधले छोटे कोअर) किती ते पण बघ, २३०४ पाहिजेत. २०४८ असतील तर तुला ५८० च्या नावाखाली कमी माल मिळालाय, त्याला क्लॉक वाढवून काही होणार नाही. मग पीसी बंद करून, वायर काढून, कार्डाच्या वरच्या कडेला बारीक स्विच आहे का बघ. बऱ्याच कार्डांना दोन बायॉस असतात आणि बहुतेक लोक एकच बदलतात. स्विच दुसरीकडे टाक.

सिडकोचा_गेमर
अरे बापरे!! शेडर २३०४ आहेत. स्विच होता, टाकला दुसरीकडे. क्लॉक १३४० दाखवतोय!! एफपीएस एकदम वाढले पण आता टेम्परेचर ८६ आणि फॅन असा ओरडतोय की आईने खालून हाक मारली काय चाललंय म्हणून. आम्ही वरच्या मजल्यावर, दुपारी स्लॅब तापतो, त्यात मे महिना. एसएमपीएस पण आजच बदलला, प्लग खरंच पिवळट झाला होता.

पंचवटी_पीसी
आता उलटं कर. क्लॉक १३४० लाच ठेव आणि व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून एकेक करून खाली आण, १०-१५ चे टप्पे, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास गेम. हँग झालं की एक पायरी वर. प्रत्येक चिप वेगळी, माझं १०७५ ला उभं राहतं, तुझं राहीलच असं नाही. आणि हीटसिंक उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला देणारी) बदल, मायनिंगच्या कार्डाची पेस्ट खडूसारखी झालेली असते. व्हीआरएमवरचे थर्मल पॅड फाटले तर तसेच चिकटवू नकोस, तेवढ्याच जाडीचे नवीन टाक.

मेमरीचा क्लॉक वाढवायचा असेल तर एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरमध्ये मेमरी एररचा आकडा बघत बस. गेम बंद पडत नाही पण एरर वाढत असतात.

जुनी_सोल्डरगन
मावसभावाला पेस्ट लावायला बसव, त्याचा साफ हात तिथे कामाला येईल 😄

सिडकोचा_गेमर
अपडेट. पेस्ट खरंच खडूच होती. १०९० मिलिव्होल्टला स्टेबल आहे, १०८० ला एकदा हँग झालं. टेम्परेचर ७४, कॅबिनेटच्या मागून द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा कापून हवेला वाट करून दिलीय, दिसायला भंगार पण काम करतंय. फक्त व्हॅलोरंटमध्ये काहीच फरक नाही, जीपीयू (कार्डाची चिप) ५० टक्क्यांवरच असतं, असं का?

जुनी_सोल्डरगन
कारण तिथे अडचण कार्डाची नाहीच, प्रोसेसर आणि तुझी ती एकटी रॅम. सेम स्पीडची दुसरी ८ जीबीची स्टिक घे, ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकत्र काम करतात) होऊ दे, मग बोल.

सिडकोचा_गेमर
पगार १ तारखेला 😅