रेलिक सिग्नेचर गिटार: दुसऱ्याची झीज आपल्या अंगावर बसते का?

सहावी_तार:
अकरा वर्षं एकच स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) वाजवतोय. पॉलिएस्टर फिनिश, अजून आरशासारखी चकचकीत. परवा आयरिश ब्लूज गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटची रेलिक प्रत हातात आली, म्हणजे त्याच्या नावाने निघालेली, मुद्दाम झिजवून जुनी केलेली नवी गिटार. रंग उडालेला, लाकूड उघडं. मनातल्या मनात हसतच घेतली. पण नेकवर (गिटारच्या दांड्यावर) अंगठा टेकला आणि गप्प झालो. मागचं लॅकर घासलेलं, फिंगरबोर्डच्या कडा गोल. बॅर कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून वरखाली जाताना हात कुठे चिकटलाच नाही. अर्धा तास खाली ठेववेना.

मग लक्ष गेलं, बॉडीचा रंग जिथे उडवलाय तिथे माझा हात टेकतच नाही! मी पट्टा आखूड ठेवतो, माझा हात चार बोटं मागे पडतो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अशी गिटार कुणी वर्षानुवर्षं वापरलीय का? ती आपली वाटते का कधी?

जुना_पिकअप:
आधीच सांगतो, फाटक्या जीन्सचं उदाहरण कुणी देऊ नका, कान किटलेत.

एरिक क्लॅप्टनची ती गाजलेली गिटार, ब्लॅकी, तरी काय होती? तीन जुन्या स्ट्रॅटचे चांगले चांगले भाग काढून जुळवलेली. 2006 मध्ये फेंडरने तिच्या 275 प्रती काढल्या. मूळ गिटारच जोडजाड, आणि आपण प्रतीच्या अस्सलपणावरून भांडतोय. शिवाय 1995 च्या सुमारास निघालेल्या पहिल्या रेलिक आता खरोखरच म्हाताऱ्या व्हायला लागल्यात. खोट्या डागांवर खरे डाग. माझ्याकडे एक आहे, कुठला डाग कुणाचा ते मलाही सांगता येत नाही.

फ्रेटवाला:
मी फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलायचं काम करतो, म्हणून आधी तिथेच बघतो. नेक तीस वर्षं वाजवल्यासारखा आणि फ्रेटवर तारेचा एक खळगा नाही! तडेही बघा. नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ असतं. गारठा-उष्मा बदलला की लाकडाबरोबर हलता येत नाही, म्हणून तडकतं. ते तडे केसासारखे, कुठेही वळणारे. ब्लेडने पाडलेले फूटपट्टी लावल्यासारखे सरळ जातात. हल्ली मात्र चांगले कारागीर मलाही फसवतात, हे कबूल.

आवाजाचं म्हणाल तर बॉडीचा रंग खरवडून फरक पडलेला मला एकदाही ऐकू आलेला नाही. तुमचं मन बसलंय नेकवर. आहे त्याच गिटारच्या नेकची पाठ बारीक सँडपेपरने मॅट करा, कडा कुणा जाणत्याकडून गोल करून घ्या.

सहावी_तार:
पाठ काल रात्री केली. फ्रेटवाले, दंडवत! हात अगदी सुळकन जातो. कडांचं बघू पुढच्या महिन्यात. फक्त त्या आनंदात उठलो आणि बॉडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. नखाएवढा टवका उडाला. अकरा वर्षांत पहिला. शप्पथ सांगतो, पोटात गोळा आला. भरून घेऊ का?

फ्रेटवाला:
कडेने सुपरग्लूचा एक थेंब सोडा, नाहीतर अजून उडत जाईल. बाकी हात लावू नका.