खालची केबल अ‍ॅल्युमिनियमची चालते, मग घरातली वायर का नको?

नौपाडाकर: आमची इमारत जुनी, घरातलं सगळं वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं. एसी घ्यायचं म्हटल्यावर वायरमन म्हणाला, आधी तांब्याची वायर ओढून घ्या. खर्च ऐकून घाम फुटला. पण खाली मीटरपर्यंत येणारी जाडजूड केबल तर अ‍ॅल्युमिनियमचीच आहे! धातूधातूंत एवढा फरक असतो, की हा उगाच गिऱ्हाईक कापतोय?

जुना फिटर: वायरमन बरोबर आहे, पण दोष धातूच्या वाहकतेचा नाही. वागळे इस्टेटमध्ये विजेची पॅनल बांधण्यात सगळी नोकरी काढली मी. तांब्याची २.५ चौरस मिमी वायर जे काम करते, त्याला अ‍ॅल्युमिनियमची ४ लागते, बस. तरी वजन तांब्याच्या निम्मंच, म्हणून लांबच्या केबलला तेच परवडतं.

भानगड सांध्यावर होते. अ‍ॅल्युमिनियम सोललं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, आणि तो पक्का विद्युतरोधक. शिवाय स्क्रूखाली हा धातू हळूहळू दबत जातो. पकड सैल, की सांधा तापतो. तापला, की आणखी सैल. मोठ्या केबलच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवतात, ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावतात. घरातल्या प्लगमागे एवढं कोण करतंय? त्यात काही महाभाग जुन्या वायरीला तांब्याचा तुकडा पिळून मोकळे होतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तिथलं अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं.

ऐरोली बारावी: काका, वीज वाहणारा धातू नुसत्या ऑक्सिजनने रोधक कसा होतो?

जुना फिटर: धातूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचे नसतात. ऑक्साइडमध्ये ते ऑक्सिजनने धरून ठेवलेले. त्यांना सोडवायला लागणारी ऊर्जा घरच्या तापमानात मिळत नाही. सिलिकॉनला ती साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप) लागते, हिऱ्याला ५.५. म्हणून शुद्ध सिलिकॉन तापवलं की वीज जास्त वाहते. तांबं तापवलं की कमी. ग्राफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, पण ग्राफाइटच्या थरांत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. पेन्सिल दोन्ही टोकांना तासून मल्टिमीटर लाव. हिऱ्यासाठी आईची कुडी मागू नकोस.

नौपाडाकर: एसीपुरती वेगळी लाइन तांब्याची ओढली तर? बाकीचं दिवाळीनंतर बघू.

जुना फिटर: चालेल. दीड टनाच्या एसीला ४ चौरस मिमी, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), सोबत अर्थिंग. मीटरपासून घरातल्या मेन स्विचपर्यंतची वायर मात्र वायरमनकडून आधी तपासून घ्या. एसीचा भार तिच्यावरूनच जाणार आहे.