रोझेशिया: गालांवरची लाली उतरत का नाही?

प्रश्न: माझे वय ४२ असून, नाशिकच्या गंगापूर रोडवर उन्हात फिरून आल्यावर किंवा झणझणीत मिसळ खाल्ल्यावर गाल व नाक बराच वेळ लालबुंद राहतात, डॉक्टरांनी रोझेशिया या चेहऱ्याच्या त्वचेच्या विकाराचे निदान केले आहे. मैत्रिणीने सुचवलेले स्टिरॉइडचे मलम लावावे का?

उत्तर १: कृपया लावू नका. सुरुवातीला बरे वाटते, पण पुढे लाली व पुटकुळ्या अधिकच उसळतात. ती चूक मी केली आहे. हा विकार कायमचा जात नाही, मात्र मेट्रोनिडाझोल, अ‍ॅझेलेइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकी डॉक्टरांनी दिलेले मलम नेटाने लावल्यास तो बहुधा आटोक्यात राहतो.

उत्तर २: एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन रोज लावा. तिखट सर्वांनाच बाधते असे नाही, म्हणून मिसळ सोडण्याआधी (नाशिककराला ते जमणार कसे!) काय खाल्ल्यावर लाली येते याच्या महिनाभर नोंदी ठेवा.

उत्तर ३: रोझेशियाचा त्रास डोळ्यांनाही होऊ शकतो, म्हणून डोळे चुरचुरत असल्यास नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा.