सौराष्ट्राचा किनारा आठ दिवसांत: गावांचा क्रम कसा लावावा?

किनारवाट (प्रश्न):
नमस्कार. येत्या डिसेंबरात आम्ही स्वतःच्या गाडीने सौराष्ट्राचा किनारा पाहण्याचे ठरवले आहे. पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई बरोबर असतील. सोमनाथ व द्वारका यांचे दर्शन पूर्वी झाले आहे, त्यामुळे या वेळी किनाऱ्यावरची लहान गावे, पक्षी आणि समुद्रजीवन पाहण्यात वेळ घालवायचा आहे. सुरतजवळच्या हजिऱ्याहून फेरीने भावनगरजवळच्या घोघ्याला उतरून पौर्णिमेच्या दिवशी कोळियाकचा समुद्रातला निष्कलंक महादेव, त्यानंतर तळाजा, महुवा, दीव, चोरवाड, माधवपूर, पोरबंदर आणि आठव्या दिवशी जामनगरजवळचे नरारा, असा क्रम मनात आहे. यात काही बदल सुचवाल का? आईला कोठे त्रास होईल, हेही कळल्यास बरे होईल.

उधाणभरती:
आपला क्रम नकाशावर सरळ दिसतो, पण तिथीच्या हिशेबात तो बसत नाही. कोळियाक आणि नरारा ही दोन्ही ठिकाणे ओहोटीला पाणी हटल्यावरच पाहण्याची आहेत. पौर्णिमेला कोळियाक केल्यास नराराला आपण वद्य सप्तमीच्या सुमारास पोहोचाल, आणि तेव्हा समुद्राला भांग असेल. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही, तसेच फारसे उतरतही नाही. त्यामुळे प्रवाळांचा जो खडक पायी हिंडून पाहायचा, त्याचा बराचसा भाग पाण्याखालीच राहतो. मी स्वतः एकदा अष्टमीला तेथे गेलो होतो आणि तिवरांच्या पुढे गढूळ पाणी पाहून परतलो. पुढच्या वर्षी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा त्याच जागी समुद्रफुले, खेकडे आणि दगडाआड दडलेला अष्टपाद पाहायला मिळाला. १९८२ साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग आहे आणि समुद्रात न उतरता, केवळ चालत प्रवाळ पाहता येतील अशा जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत, म्हणून ती चुकू नये असे मनापासून वाटते.

माझी सूचना अशी की उधाणाचे, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढण्या-उतरण्याचे, दोन-तीन दिवस आधी वापरून घ्यावेत. पौर्णिमेला कोळियाक करावे, दुसऱ्या दिवशी किनारा सोडून राजकोटमार्गे थेट जामनगर गाठावे (अंतर सुमारे २६५ किलोमीटर आहे) आणि तिसऱ्या दिवशी नरारा पाहावे. तेथून द्वारका, पोरबंदर, माधवपूर, चोरवाड, दीव, महुवा असे उलट्या दिशेने किनाऱ्याने खाली येत पुन्हा घोघ्याला फेरी पकडावी. वेरावळच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन मीटरांच्या घरात असतो, त्यामुळे तेथे भांग असला तरी आपले काही बिघडत नाही. खंभातच्या आखाताचे तसे नाही. हे आखात आत जाताना नरसाळ्यासारखे अरुंद आणि उथळ होत जाते, पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि उधाणाच्या दिवशी भावनगरकडे पाणी दहा मीटरांच्या आसपास चढते-उतरते. अलंगला मोडीत काढायची अवाढव्य जहाजे याच भरतीवर किनाऱ्याला आणून बसवतात.

एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. कोकणात आपण तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढतो, ते गणित येथे वापरू नये. भरतीची लाट आखाताच्या आतल्या भागात काही तास उशिरा पोहोचते, म्हणून भावनगरची आणि नराराची वेळ त्या त्या ठिकाणच्या कोष्टकातच पाहावी. नराराला वन विभागाची परवानगी लागते.

मीठागर:
वरील सूचनेशी मी सहमत आहे. आपल्या आईंविषयी सांगायचे तर कोळियाकला किनाऱ्यापासून शिवलिंगांच्या चौथऱ्यापर्यंत एक किलोमीटरहून अधिक अंतर ओल्या, चिखलाच्या तळावरून चालावे लागते आणि पाय घसरतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांनी काठावरूनच दर्शन घ्यावे. तेथून उंच ध्वज स्पष्ट दिसतो. बाकीच्यांनी पाणी वळण्याची वेळ लक्षात ठेवून बरेच आधी परत निघावे, कारण सपाट तळावर पाणी फार वेगाने पसरते.

नराराचा खडकही त्यांना जड जाईल. त्या दिवसाची संध्याकाळ मात्र खिजडियाला घालवा. जामनगरहून हे अभयारण्य बारा किलोमीटरांवर आहे. संस्थानी काळात समुद्राचे खारे पाणी शेतीत शिरू नये म्हणून येथे बांध घातले गेले, आणि त्यामुळे एका बाजूला गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला खारे, असे दोन प्रकारचे पाणपक्षी एकाच फेरीत दिसतात. बांधाची वाट सपाट आहे. २०२१ साली या जागेला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघराखेरीज जुन्या पेठेतून सावकाश फिरावे. मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींना लागलेला फिकट चुनखडीचा दगड याच भागातला आहे आणि येथे तो साध्या घरांच्या भिंतींतही दिसतो. माधवपूरला रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. चोरवाडला जुनागढच्या नवाबांचा उन्हाळी महाल आहे. पोहण्यासाठी मात्र हा किनारा नाही: चोरवाडला खडक आहेत, माधवपूरला लाटांची ओढ आहे. मुलीला पाण्यात खेळायचे असेल तर दीवपर्यंत धीर धरावा.

किनारवाट:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तिथीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. क्रम उलटा करतो. एक शंका आहे: परतीला दीवला दोन रात्री ठेवून महुवा व तळाजा एकाच दिवसात उरकले, तर ते घाईचे होईल का?

उधाणभरती:
घाई होईल. दीवचा १५३५ साली उभारणीस लागलेला पोर्तुगीज किल्ला आणि नायडा गुहा एका पूर्ण दिवसात नीट पाहून होतात, आणि नाताळच्या आठवड्यात तेथे गर्दीही फार असते. एक रात्र दीवला आणि एक महुव्याला ठेवा. म्हणजे तळाज्याच्या डोंगरातली लेणी सकाळच्या गारव्यात चढता येतील आणि गोपनाथच्या किनाऱ्यावर थोडे थांबून दुपारपर्यंत घोघा गाठता येईल. फेरीची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासून घ्या.