१४ मार्चच्या दिनविशेषात नेमके काय नोंदवावे?

फलकलेखक (प्रश्न)

आमच्या चित्रपट मंडळाच्या फलकावर रोज एक दिनविशेष लिहिला जातो आणि यंदापासून ते काम माझ्याकडे आले आहे. फलकावर जेमतेम आठ-दहा ओळी मावतात. जुन्या चित्रपटांचे प्रदर्शन आणि कलावंतांचे वाढदिवस एवढेच त्यावर द्यायचे, असा मंडळाचा शिरस्ता आहे. १४ मार्चची माहिती जमवताना मात्र मी अडलो आहे.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला, याबाबत सर्वत्र एकवाक्यता दिसते. त्याच दिवसाच्या नोंदींत १९७२ चा ‘द गॉडफादर’ही सापडतो, परंतु इतर याद्यांपैकी काही या चित्रपटासाठी १५ मार्च, तर काही २४ मार्च ही तारीख देतात. एका चित्रपटाच्या तीन तारखा पाहून कोणत्या यादीवर विसंबावे, हे कळेनासे झाले आहे.

वाढदिवसांबाबत वेगळीच पंचाईत आहे. अभिनेते मायकेल केन, संगीतकार क्विन्सी जोन्स, आमिर खान, विनोदी अभिनेते बिली क्रिस्टल, जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन अशी मोठमोठी नावे या एकाच दिवशी येतात. सगळी लिहिली तर फलकाची मतदारयादी होईल आणि गाळावे म्हटले तर कोणत्या निकषावर गाळावे, हा प्रश्न उरतोच. शिवाय कलावंतांच्या जन्मतारखा कितपत विश्वासार्ह मानाव्यात, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनीरिळे

‘द गॉडफादर’च्या तिन्ही तारखा बरोबर आहेत, कारण त्या तीन वेगवेगळ्या घटनांच्या आहेत. १४ मार्च १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या लोज स्टेट या चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजरही त्या खेळाला हजर होते, त्यामुळे वृत्तपत्रांतून त्याची चर्चा अधिक झाली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ मार्चला, तो न्यूयॉर्कमधल्याच पाच चित्रपटगृहांत तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी खुला झाला आणि २४ मार्चपासून अमेरिकेत सर्वदूर लागला. याद्या करणारे यांपैकी एक तारीख उचलतात आणि पुढे नुसते ‘प्रदर्शित’ असे लिहून मोकळे होतात. सारा गोंधळ त्या एका मोघम शब्दामुळे होतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ‘राजा हरिश्चंद्र’ आहेच. दादासाहेब फाळक्यांनी तो २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला. आपण सर्वजण ३ मे हीच तारीख मानतो, कारण सिनेमाचा प्रेक्षक त्या दिवशी प्रथम तिकिटाच्या खिडकीपाशी आला. हाच न्याय ‘द गॉडफादर’ला लावला तर त्याची जागा १५ मार्चला आहे. मात्र १४ मार्चला ‘निमंत्रितांसाठी पहिला खेळ’ असे स्पष्ट लिहिणार असाल, तर त्यालाही कोणी नाव ठेवू शकणार नाही.

दोन तारखांमधले अंतर कधीकधी वर्षच बदलून टाकते. ‘कॅसाब्लँका’चा पहिला खेळ २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्याच महिन्यात दोस्तसैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले होते आणि त्या बातम्यांचा लाभ उठवण्यासाठी निर्मात्यांनी घाई केली होती. सार्वत्रिक प्रदर्शन २३ जानेवारी १९४३ रोजी झाले, तेव्हा रूझवेल्ट आणि चर्चिल यांची परिषद खुद्द कॅसाब्लँका शहरात भरलेली होती. त्यामुळे याच चित्रपटापुढे कुठे १९४२, तर कुठे १९४३ असे साल दिसते. ऑस्कर पुरस्कारांत मात्र तो १९४३ चा चित्रपट म्हणून गणला गेला.

माझी सूचना एवढीच की, तारखेबरोबर जागा लिहावी. ‘मुंबई, मॅजेस्टिक’ किंवा ‘न्यूयॉर्क, लोज स्टेट’ हे दोन शब्द जोडले की नोंद कोणालाही पडताळून पाहता येते.

तिसरी घंटा

‘आलम आरा’च्या वाट्याला केवळ तारखेची एक ओळ आली तर तो अन्याय होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीने काढलेला हा चित्रपट जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर आधारलेला होता. मास्टर विठ्ठल, झुबेदा आणि पृथ्वीराज कपूर यांच्या त्यात भूमिका होत्या. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि ध्वनी चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करावा लागत असे. त्यामुळे गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच्या चार-पाच तासांत बरेचसे चित्रीकरण उरकले जाई. ध्वनिग्राहक पात्रांच्या आसपास कुठेतरी दडवलेले असत. पार्श्वगायनाची सोय अजून झालेली नव्हती. त्यामुळे गाणाऱ्या पात्रालाच गावे लागे आणि साथीला बसलेले पेटी-तबलावाले चौकटीबाहेर, झाडाआड किंवा मिळेल त्या आडोशाला लपून वाजवत. चित्रपटात सात गाणी होती. त्यांपैकी फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांनी गायलेले गाणे हिंदी बोलपटातले पहिले गाणे मानले जाते.

मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले हाणामारीचे लोकप्रिय नायक. त्यांच्या आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा ठोकला, तेव्हा त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी लढवली आणि ते सुटले. एवढा खटाटोप करून बोलपटात आलेल्या या नायकाची उर्दू उच्चारांशी मात्र गट्टी जमली नाही आणि म्हणून त्यांना बराच काळ अर्धवट शुद्धीत असल्याचे दाखवावे लागले, असे सांगतात. पहिल्या बोलपटाचा नायकच कमी बोलतो, यातली गंमत फलकावर मावत असेल तर जरूर घ्यावी.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ मध्ये लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असे वाक्य अनेक ठिकाणी डोळे मिटून उतरवले जाते. संग्रहालय ज्यांनी उभारले त्या पी. के. नायर यांनी ते खोडून काढले होते. ही प्रत संग्रहालयाच्या हाती कधी लागलीच नव्हती. प्रत हरवली होती ती त्या आगीच्या कितीतरी आधी. दिनविशेषात ‘प्रत उपलब्ध नाही’ एवढेच लिहावे आणि आगीला त्यातून वगळावे.

खिडकीवरचा

तारखांची शहानिशा करण्याची एक साधी युक्ती सांगतो. तारखेचा वार काढून पाहावा. त्या काळी आपल्याकडे नवे चित्रपट बहुधा शनिवारी लागत. १४ मार्च १९३१ हा शनिवार होता. ३ मे १९१३ हादेखील शनिवारच होता. एच. एम. रेड्डी यांचा ‘कालिदास’ हा दक्षिणेतला पहिला बोलपट ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी लागला, तोही शनिवारीच. आता गंमत पाहा. रेड्डींच्याच ‘भक्त प्रल्हाद’ या पहिल्या तेलुगू बोलपटाची तारीख वर्षानुवर्षे १५ सप्टेंबर १९३१ अशी सांगितली जात होती आणि तिचे वर्धापनदिनही साजरे होत होते. तो वार मंगळवार येतो. पुढे अभ्यासकांनी सेन्सॉरच्या नोंदी आणि त्या काळातली वृत्तपत्रे तपासली, तेव्हा खरी तारीख ६ फेब्रुवारी १९३२ निघाली, आणि तो दिवस शनिवार होता!

वार जुळला नाही म्हणून तारीख चुकीची ठरते, असे अर्थातच नाही. ‘मुघल-ए-आझम’ (५ ऑगस्ट १९६०) आणि ‘शोले’ (१५ ऑगस्ट १९७५) शुक्रवारी लागले. निमंत्रितांचे खेळ तर कोणत्याही वारी होतात. ‘द गॉडफादर’चा तो खेळ मंगळवारी झाला होता. पण आठवड्याच्या मधलाच वार आला की त्या दिवसाच्या वृत्तपत्रातली जाहिरात शोधायला घ्यावी, इतपत संशय त्यातून निश्चित मिळतो.

पार्श्वध्वनी

वाढदिवसांबाबत माझे मत जरा कठोर आहे. ज्या नोंदीतून वाचकाला नावापलीकडे काहीच कळत नाही, ती गाळावी. आमिर खान (१९६५) यांचा वाढदिवस वर्तमानपत्रे छापणारच आहेत. फलकाने त्यात निराळी भर काय घालायची? बिली क्रिस्टल (१९४८) यांनी ऑस्कर सोहळ्याचे सूत्रसंचालन नऊ वेळा केले, एवढे एक वाक्य पुरे. पीटरसन (१९४१) यांच्यासाठी पाणबुडीवरच्या ‘दास बूट’चा उल्लेख केला की झाले.

खरा ऐवज केन आणि जोन्स यांच्या जोडीत आहे. दोघांचा जन्म १४ मार्च १९३३ चा. एकाचा लंडनमध्ये, दुसऱ्याचा शिकागोत. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये केन नायक होते आणि संगीत जोन्स यांचे होते. तिथे जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली. दोघेही स्वतःला एकमेकांचे जुळे भाऊ म्हणवत. जोन्स यांचे ३ नोव्हेंबर २०२४ रोजी निधन झाले. २८ ग्रॅमी पुरस्कार मिळवणाऱ्या या माणसाला बहुतेक लोक मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा निर्माता म्हणूनच ओळखतात, ‘इन द हीट ऑफ द नाइट’सारख्या चित्रपटांचे त्यांचे पार्श्वसंगीत त्यामुळे झाकोळून गेले आहे. केन यांचे मूळ नाव मॉरिस मिकलव्हाइट. रंगभूमीसाठी नवे नाव तातडीने हवे होते, तेव्हा ते लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या टेलिफोनच्या खोक्यात उभे होते. समोरच्या चित्रपटगृहावर ‘द केन म्युटिनी’ची पाटी दिसली आणि त्यांनी तेच नाव उचलले. कायदेशीर कागदपत्रांवर ते नाव यायला मात्र २०१६ साल उजाडले.

जन्मतारखांच्या विश्वासार्हतेविषयी म्हणाल, तर जितका कलावंत जुना, तितके सावध राहावे. चार्ली चॅप्लिनचा वाढदिवस जगभर १६ एप्रिलला साजरा होतो, पण त्याच्या जन्माची अधिकृत नोंद आजवर मिळालेली नाही. ब्रिटिश गुप्तचर खात्याने १९५२ मध्ये ती शोधून पाहिली आणि हात हलवत परत आले. त्या काळच्या एका करमणूकविषयक साप्ताहिकाने मे १८८९ मध्ये बाळाच्या जन्माचे वृत्त छापले होते, त्यात तारीख १५ आहे. रशियन कलावंतांच्या बाबतीत जुनी (ज्युलियन) कालगणना आड येते, कारण ती आजच्या दिनदर्शिकेच्या काही दिवस मागे होती. दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांची जन्मतारीख जुन्या पद्धतीने १० जानेवारी १८९८ आहे आणि एकोणिसाव्या शतकासाठी बारा दिवस मिळवायचे असल्याने ती २२ जानेवारी होते. चुकून विसाव्या शतकाच्या हिशेबाने तेरा मिळवले की २३ येते. केन आणि जोन्स यांच्या बाबतीत असा कोणताही घोळ नाही, तेव्हा त्यांची नावे बिनधास्त लिहा.

फलकलेखक

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेवरून पुढील मसुदा तयार केला आहे:

‘१४ मार्च १९३१, शनिवार. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा “आलम आरा” हा पहिला बोलपट प्रदर्शित. गाड्यांच्या आवाजामुळे चित्रीकरण रात्री, वादक झाडाआड. आज प्रत उपलब्ध नाही. १४ मार्च १९७२: न्यूयॉर्कच्या लोज स्टेटमध्ये “द गॉडफादर”चा निमंत्रितांसाठी पहिला खेळ. १४ मार्च १९३३: अभिनेते मायकेल केन (लंडन) व संगीतकार क्विन्सी जोन्स (शिकागो) यांचा एकाच दिवशी जन्म, “द इटालियन जॉब”मध्ये दोघे एकत्र.’

आमिर खान यांना वगळल्याबद्दल मंडळात बोलणी खावी लागतील, असे दिसते.

जुनीरिळे

मसुदा उत्तम आहे. ‘पहिला बोलपट’ऐवजी ‘पहिला भारतीय बोलपट’ असे करा, कारण न्यूयॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ ६ ऑक्टोबर १९२७ रोजीच झळकला होता आणि फलकापाशी थांबून नेमके हेच सांगणारा एक तरी सभासद प्रत्येक मंडळात असतो. बोलणी टाळायची असतील तर शेवटी ‘आमिर खान (१९६५) यांचाही वाढदिवस’ एवढे चार शब्द मावतील. आणि १५ मार्चच्या फलकावर ‘द गॉडफादर’ पुन्हा घ्यायचा की नाही, हे मात्र आजच ठरवून ठेवा.