कधीमधी लिहिणाऱ्यांसाठी फीड हवंच

सोशल मीडिया हाताशी असताना साइटवरचे नवे लेख आपोआप आणून देणारं फीड कोण वाचतं, असं एकानं विचारलंय. मी वाचतो, इथं औशात, रोज सकाळी.

१ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा फीडही संपलं असं बऱ्याच जणांना वाटलं. पण बंद झालं ते एक वाचायचं साधन. फीड म्हणजे शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर असलेली साधी एक्सएमएल (संगणकाला वाचता येईल अशा खुणांची) फाइल, ती कुणा एकाच्या मालकीची नाही. बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएस या फीडच्याच एका प्रकारावर चालतात.

रोज लिहिणारा कुठंही दिसतो हो, वर्षातून दोनदा लिहिणाऱ्याचं काय? आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी जुन्या बारवांवर लिहितात. गेल्या पावसाळ्यातला त्यांचा लेख मला सोशल मीडियावर दिसलाच नाही, ग्रुपवरही सुप्रभातच्या फोटोंखाली दबून गेला. फीडमध्ये मात्र नऊ दिवसांनी उघडलं तरी ठळक अक्षरांत, न वाचलेला, जागेवर होता. लाइट गेलेली, रेंज नाही, तरी मजकूर आधीच उतरलेला. पायऱ्यांच्या मापापर्यंत सगळा वाचला.

ज्यांची साइट आहे त्यांना कळकळीची विनंती, फीडमध्ये पूर्ण लेख द्या. नुसत्या दोन ओळींनी आमचं भागत नाही.